एकोणीस पाकिटं

११ जानेवारी

प्रिय वहिनी,

मुंगी सुखरूप पोचली. बॅग तिच्यापेक्षा मोठी होती, म्हणजे दादाने तिचं नाव मुंगी ठेवलं ते उगाच नाही. आल्या आल्या तिने तू दिलेला डबा टेबलावर रिकामा केला. सर्दीचं औषध, तापाचं, पोटाचं, चक्कर आल्यावरचं. अगं, मी क्लास चालवते, दवाखाना नाही! तू औषधांच्या दुकानात काम करतेस म्हणून अख्खं दुकान पोरीच्या पाठीवर द्यायचं?

आता नियम ऐक. तू माझी वहिनी असलीस तरी नियमांना वहिनी नसते. परीक्षा होईपर्यंत मुलांकडे फोन नाही, आणि पालकांनी मला फोन करायचा नाही. कुणी आजारी पडलं तरच फोन. बाकी सगळं पत्राने. फोनवर आईबाप एकतर रडतात नाहीतर ओरडतात. पत्र लिहायला बसले की निदान विचार तरी करतात. तिला लिहायचं ते तिला लिही, मला लिहायचं ते मला. तिची पत्रं मी वाचत नाही. ती स्वतः कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून येते.

यंदा मुंगी धरून एकोणीस मुलं आहेत. बाकीची सकाळी सातला येतात आणि संध्याकाळी सहाला जातात, ही एक घरचीच. प्रवेश परीक्षा बारा मेला. त्याआधी वीस एप्रिलपर्यंत पसंतीचा फॉर्म जायला हवा, कुठलं कॉलेज पहिलं, कुठलं दुसरं, असं दहापर्यंत. तो एकदा गेला की ब्रह्मदेव आला तरी बदलत नाही. तिला जनावरांची डॉक्टर व्हायचंय ना? होईल. डोकं दादाचं नाही, तुझं आहे.

पाकिटांबद्दल तू विचारलं होतंस. हो, ती अजून चालू आहेत. पहिल्या महिन्यात मी प्रत्येकाची परीक्षा घेते आणि शेवटी त्याला किती गुण पडतील तो आकडा कागदावर लिहून पाकिटात घालते. पाकीट चिकटवलं की झाकणावर मुलाची सही आणि माझी सही. सगळी पाकिटं वर्गातल्या काचेच्या कपाटात ओळीने उभी. निकालाच्या दिवशी मी उघडते. या भागात मला कुणी नावाने ओळखत नाही, पाकीटवाल्या बाई म्हणतात. मुंगीने काल सही केली. सही करताना जीभ बाहेर काढली होती, अगदी पहिलीत काढायची तशी.

काळजी करू नकोस.

तुझी नणंद


२५ जानेवारी

वन्सं, नमस्कार.

काळजी करू नकोस म्हणता, आणि माझा तर तोच धंदा. दिवसभर काउंटरमागे उभी राहून लोकांच्या काळज्या पुड्यांमध्ये बांधून देते.

मुंगीचं पत्र आलं. चार पानं, आणि त्यातली निम्मी खोडलेली! एक वाक्य लिहायचं, खोडायचं, वर दुसरं लिहायचं, बाणाने तिसरीकडे न्यायचं. हे म्हणाले, हे पत्र आहे की रस्त्यांचा नकाशा? पण मला ते आवडतं. माझी मुलगी जशी बोलते तशीच लिहिते. आधी तोंड उघडते, मग विचार करते.

तिने लिहिलंय की तुमच्याकडचा लांबू नावाचा मुलगा दारातून वाकून येतो, डॉक्टरांची धाकटी सगळ्यांना सल्ले देते, आणि बोलका म्हणून एक आहे तो झोपेतही बोलत असेल. बरं वाटलं वाचून. पण दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिली, तुम्ही म्हणे रोज सकाळी मुलं आली की दाराशी जाऊन चपला मोजता, आणि संध्याकाळी जाताना जिन्यात उभं राहून मुलं मोजता. दुसरी, एक टेलरकाका पहिल्या तारखेला येतात, दारात उभे राहून सगळ्या मुलांच्या तोंडाकडे बघतात आणि काही न बोलता जातात. कोण हे?

तुमच्या दादाचा पाय अजून प्लॅस्टरमध्येच आहे. बस दुरुस्त करताना बसखालीच पाय गेला, आणि वर म्हणतात चूक बसची होती. डेपोत जाणं बंद, घरात बसून माझं डोकं खातात.

तुमची वहिनी


८ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुझे प्रश्न म्हणजे पोलीस चौकी! चपला मोजते कारण गेल्या वर्षी दोन जोड चोरीला गेले. टेलर शेजारच्या गल्लीतले आहेत, वर्गाचे पडदे त्यांनीच शिवलेत. एकटे राहतात. मुलांना बघून बरं वाटत असेल.

मुंगी छान आहे. जीवशास्त्रात पहिल्या तिघांत येते. भौतिकशास्त्रात अडखळते पण रडत नाही, पुन्हा करते. दुसऱ्या चाचणीत बाहत्तर पडले. दादाला सांग, पाय वर करून बसावं आणि तोंड जरा खाली करावं.

नणंद


९ मार्च

वन्सं,

आज दुकानातच काउंटरवर लिहितेय, अक्षर समजून घ्या.

मुंगीचं काल पत्र आलं. एक पान. सरळ ओळी, समास सोडलेला, एकही खाडाखोड नाही. 'मी बरी आहे. अभ्यास चालू आहे. आत्या चांगली काळजी घेते. बाबांच्या पायाला आराम पडो.' आराम पडो! अहो, माझी मुलगी 'पडो' म्हणते का कधी?

तुम्ही हसाल. पण पंधरा वर्षं मी डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचतेय. कुठल्या डॉक्टरने घाईत लिहिलंय, कुणी मन लावून, कुणी घरी भांडून आल्यावर, हे मला अक्षरावरून कळतं. हे पत्र तिने आधी कच्चं लिहिलंय आणि मग पाहून उतरवलंय. आईला लिहायचं पत्र कुणी पाहून उतरवतं का? ज्याला काहीतरी बाहेर पडू द्यायचं नाही, तोच असं लिहितो.

तिला काय झालंय? कुणी काही बोललं का? मला खरं सांगा.

वहिनी


१५ मार्च

प्रिय वहिनी,

उगाच साप साप म्हणून भुई धोपटू नकोस. मार्चमध्ये सगळीच मुलं शांत होतात. तेवीस वर्षं बघतेय मी. जानेवारीत दंगा, फेब्रुवारीत भांडणं आणि मार्चमध्ये चिडीचूप. यंदाचा वर्ग तर जरा जास्तच चूप आहे. बोलकासुद्धा बोलत नाही. मला वाटतं ही अभ्यासू तुकडी निघाली.

मुंगी जेवते, थोडं कमी जेवते इतकंच. परवा अंडं तसंच ठेवलं होतं. चाचणीत चौसष्ट पडले. घसरले, पण ते सावरतील. खाडाखोड गेली म्हणून रडतेस काय? मी तर पेढे वाटले असते.

नणंद


२३ मार्च

वन्सं,

पेढे मग वाटा. आधी हे वाचा.

दुसरं पत्र आलं. तेवढंच कोरडं, तेवढंच नेटकं. पण शेवटी एक ओळ आहे. 'आई, दुकानात मदतीला मुलगी हवी म्हणत होतीस. अजून कुणी ठेवली नसशील तर थांब.'

मी ती ओळ दहा वेळा वाचली. सहा वर्षांची असल्यापासून ही मुलगी कुत्र्यांचे पाय बांधतेय, गल्लीतल्या मांजराला बाळंतपणात मदत करतेय, आणि आता हिला माझ्या शेजारी उभं राहून पुड्या बांधायच्या आहेत? दोन महिन्यांत?

दुकानात काल एका आजोबांना चुकीची बाटली देणार होते, शेवटच्या क्षणी लक्षात आलं. ह्यांना मी काही सांगितलं नाही, हे प्लॅस्टरसकट उठून निघतील.

वन्सं, एकच विचारते. त्या पाकिटात तुम्ही तिचा काय आकडा लिहिलाय? आणि तिला तो कळलाय का?

वहिनी


५ एप्रिल

वहिनी,

हे पत्र एकटीने वाच. दादाला देऊ नकोस.

तुझ्या पत्राचं उत्तर द्यायला मला तेरा दिवस लागले. रोज लिहायला बसायचे आणि उठायचे. काल एक गोष्ट झाली आणि आता लिहिल्याशिवाय इलाज नाही.

काल पसंतीचे फॉर्म तपासायला घेतले. दहा रकाने असतात. मुंगीच्या फॉर्मवर एकच रकाना भरलेला. तुमच्या गावातला औषधनिर्मितीचा दोन वर्षांचा कोर्स. बाकी नऊ रकान्यांवर तिरकी रेघ. मी तिला बाजूला बोलावलं. विचारलं, हे काय? ती माझ्याकडे बघून हसली, आणि म्हणाली, "आत्या, तुला तर माहीतच आहे." मी म्हटलं, काय माहीत आहे? तर म्हणाली, "जाऊ दे. तू वाईट वाटून घेऊ नकोस." आणि भांडी घासायला गेली.

वहिनी, ते हसू मी याआधी एकदा पाहिलंय.

तू टेलरबद्दल विचारलं होतंस. मी खोटं बोलले. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात होता. तीन वर्षांपूर्वी. बारीक, घारा, वडिलांसारखा कमी बोलणारा. पहिल्या महिन्यात त्याचा पेपर वाईट गेला आणि मी त्याच्या पाकिटात एक्केचाळीस लिहिलं. पुढे तो सुधारला. एप्रिलच्या शेवटच्या चाचणीत त्याला अठ्ठ्याहत्तर होते! पण पाकीट जानेवारीचं होतं. तेव्हा कपाटाला कुलूप नव्हतं. परीक्षेच्या आठ दिवस आधी सकाळी मी वर्गात आले तर त्याचं पाकीट फाडून माझ्या टेबलावर ठेवलेलं, त्याखाली त्याचं परीक्षेचं प्रवेशपत्र. आदल्या दिवशी जाताना तो मला हसून म्हणाला होता, बाई, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.

कुणीतरी त्याला बस स्टँडवर पाहिलं. कुठल्या बसमध्ये चढला ते कुणाला माहीत नाही. पोलीस झाले, जाहिराती झाल्या. अजून आलेला नाही.

टेलरना मी सांगितलं की मुलगा परीक्षेला घाबरला. पाकिटाचं सांगितलं नाही. त्यांना आजही माहीत नाही. ते फाडलेलं पाकीट माझ्या ट्रंकेत साड्यांखाली आहे. पहिल्या तारखेला ते दारात उभे राहतात तेव्हा मी त्यांना चहा देते, आणि त्यांच्या हाताकडे बघते, तोंडाकडे बघत नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मुंगीच्या पाकिटात काहीही नाही. कोरा कागद आहे. सगळ्यांच्याच पाकिटात कोरा कागद आहे. त्या मुलानंतर मी एकही आकडा लिहिलेला नाही. पाकिटं बंद केली असती तर लोकांनी विचारलं असतं, का? मग सगळं बाहेर आलं असतं. म्हणून नाटक चालू ठेवलं. निकालाच्या दिवशी मी उघडते, वाचल्यासारखं करते, मान हलवते, 'बरोब्बर' म्हणते आणि फाडून टाकते. गेली दोन वर्षं मी कोऱ्या कागदांना माना डोलावतेय, आणि माझं नाव आणखीच वाढलंय.

मी आज तिचं पाकीट नीट पाहिलं. झाकणावरच्या दोन्ही सह्या जिथल्या तिथे. दर रविवारी मी सगळ्या सह्या तपासते. मग तिला काय 'माहीत' आहे? मला काही सुचत नाही. मला फार भीती वाटतेय, वहिनी.

नणंद


९ एप्रिल

तुला सुचत नाही? मला सुचतंय.

तीन वर्षं! तीन वर्षं तू हे पोटात ठेवलंस आणि माझी मुलगी मागून घेतलीस. 'पाठव गं, माझ्याकडे राहील, घरच्यासारखी.' एका बापाचा मुलगा तुझ्या कपाटासमोरून उठून गेला, आणि तू त्याच कपाटासमोर माझ्या मुलीला बसवलंस. आणि मला सांगतेस चपला चोरीला जातात!

मी आज पहिल्यांदा तुला अगं-तुगं करतेय. राग ओसरल्यावर माफी मागेन, आत्ता नाही.

सह्या घेऊन काय करतेस? माझ्या दुकानात बाटलीचं सील शाबूत असतं आणि आत पाणी असतं, असंही मी पाहिलंय. तिने पाकीट पाहिलं असणार. कसं ते देव जाणे, पण पाहिलं. आणि आत तिला काय दिसलं? काहीच नाही. अगं, कोऱ्याचा अर्थ तुला माहीत आहे. तिला कुठून माहीत असणार? तिला एवढंच माहीत की आत्या सगळ्यांचे आकडे लिहिते.

फोनवर मी नुसती ओरडले असते आणि तू ठेवून दिला असतास, म्हणून लिहितेय. हे पत्र हातात पडेल त्या क्षणी उठ. तिला समोर बसव आणि कपाट उघड. तिचं एकटीचं नको, सगळी पाकिटं उघड, सगळ्यांच्या देखत. नाव जाईल तुझं? जाऊ दे. क्लास बंद पडेल? पडू दे. पोर वाचली पाहिजे.

मी शुक्रवारच्या गाडीचं बघतेय. ह्यांना शेजारी ठेवून निघेन.

वहिनी


१४ एप्रिल

वहिनी,

परवा फोनवर तुला फक्त 'आहे, माझ्यासमोर आहे' एवढंच सांगता आलं. तू रडत होतीस, मी रडत होते, माझा नियम बरोबरच आहे म्हणायचा. शुक्रवारची गाडी रद्द कर असं मुंगीनेच तुला सांगितलं, म्हणून आता सगळं सविस्तर लिहिते.

तुझं पत्र बारा तारखेला दुपारी आलं. मुंगी सकाळी दहाला वह्या आणायला म्हणून गेली होती. स्टेशनरीचं दुकान पाच मिनिटांवर. साडेअकराला मी दाराशी गेले. चपला मोजल्या. अठरा. मग तुझं पत्र आलं आणि मी ते जिन्यात उभं राहून वाचलं. वहिनी, 'पोर वाचली पाहिजे' ही ओळ मी दोनदा वाचली. मुलांना वर्गात बसायला सांगून मी निघाले. स्टेशनरीचं दुकान, दवाखाना, पूल, बस स्टँड. स्टँडवर प्रत्येक बसमध्ये चढून मी सीट सीट बघत होते. एक कंडक्टर म्हणाला, बाई, कुठे जायचंय? मी पुढच्या बसमध्ये चढले.

चारला घरी आले, पोलिसांना फोन करायला. दारात टेलर उभे. तारीख बारा, पहिली नव्हे. त्यांच्यामागे मुंगी. तिच्या कुर्त्याला सगळीकडे दोऱ्याचे तुकडे चिकटलेले.

ते म्हणाले, "बाई, ही सकाळी माझ्या दुकानात आली. माझ्या मुलाचं तिने कुणाकडून तरी ऐकलं असणार; विचारत होती, काका, तुमचा मुलगा कुठल्या बसने गेला? मी म्हटलं, पोरी, मला माहीत असतं तर मीही तिनेच गेलो असतो." मग त्यांनी तिला एक जुना कोट दिला, म्हणाले एवढा उसवून दे, घाई आहे. तो झाला की दुसरा दिला. दिवसभर ते तिला उसवायला कपडे देत राहिले. "हातात काम असेतो माणूस उठत नाही," म्हणाले. "दुकानात उसवायचं काहीच उरलं नाही, तेव्हा म्हटलं, चल, आता बाईंकडे जाऊ."

मुलं तशीच बसली होती, एकही घरी गेलं नव्हतं. मी टेलरनाही आत बोलावलं. तुझं पत्र हातात होतं. मी कपाट उघडलं. किल्ली कुठे ठेवत होते माहीत आहे? घड्याळामागच्या खिळ्याला. एकोणीस मुलं दिवसभर ज्या घड्याळाकडे बघतात, त्याच्या मागे! माझ्यासारखी शहाणी मीच.

मुंगीचं पाकीट कापलं आणि कोरा कागद तिच्या हातात दिला. ती म्हणाली, "मी पाहिलाय, आत्या." मी म्हटलं, आता हे बघ. आणि लांबूचं कापलं. कोरं. डॉक्टरांच्या धाकटीचं कापलं. कोरं. बोलक्याचं. कोरं. मी कापत गेले, टेबलावर कोऱ्या कागदांचा ढीग झाला.

टेलरनी एक कापलेलं पाकीट उचललं. उलटं केलं. खालच्या कडेवरून बोट फिरवलं, मग दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. म्हणाले, "बाई, ही खालून उसवलेली आहेत. पुन्हा चिकटवलीत, पण डिंक दोन वेळचा आहे."

दर रविवारी मी वरच्या सह्या तपासत होते, वहिनी. खाली कधी पाहिलंच नाही.

मग लांबू उभा राहिला. "बाई, मी फेब्रुवारीत पाहिलं." डॉक्टरांची धाकटी म्हणाली, "मी गणिताच्या चाचणीनंतर." मग तिसरा, मग चौथी. एकेक जण उभा राहत गेला. सतरा! एकोणीसपैकी सतरांनी पाकीट उघडून पाहिलं होतं, कोरा कागद बघून परत चिकटवला होता, आणि कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं, बाकी अठरांना आकडा आहे, मलाच नाही. माझ्याबद्दल बाईंना लिहायलाही काही सापडलं नाही. दोन महिने सतरा मुलं एका खोलीत खांद्याला खांदा लावून बसत होती आणि प्रत्येक जण एकटाच घाबरत होता. आणि मी तुला लिहिलं की अभ्यासू तुकडी निघाली!

उरले दोघे. बोलका म्हणाला, मला धीरच झाला नाही. आणि मागच्या बाकावरचा झोपाळू म्हणाला, "किल्ली घड्याळामागे असते?" त्यावर सगळी मुलं हसली. मग रडली. काही दोन्ही करत होती.

मुंगीला मी नंतर विचारलं, अगं, निदान तू तरी मला विचारायचंस. ती म्हणाली, "मला वाटलं तू बाकीच्यांचे आकडे लिहिलेस आणि माझ्यापाशी आल्यावर तुझा हात थांबला. घरचीच मुलगी. वाईट लिहवेना, खोटं लिहवेना." असा विचार केला तिने माझ्यासाठी. मला तिच्यासाठी एवढाही करता आला नाही.

टेलर गेले नव्हते. मुलं निघाल्यावर म्हणाले, "माझ्या मुलाचंही असंच कोरं होतं का?"

हो म्हटलं असतं तर चाललं असतं. जिभेवर आलंही होतं. मी ट्रंक उघडली आणि पाकीट आणून त्यांच्या हातात दिलं. सगळं सांगितलं. त्यांनी कागद उलगडला. म्हणाले, "एक्केचाळीस." मग म्हणाले, "एवढंच?" मला वाटलं ते मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी कागद घडी करून खिशात घातला, आणि मी दिलेला चहा न पिता गेले.

पालकांना मी उद्या लिहिणार आहे, सगळ्यांना, सगळं. काचेचं कपाट आज काढून टाकलं. मुंगीचा फॉर्म नवा आणलाय, तिने अजून भरलेला नाही.

तू मला अगं-तुगं केलंस ते तसंच राहू दे.

नणंद


१९ एप्रिल

आई,

आत्या म्हणाली मनात येईल तसं लिही. तर मी तुला आधी सॉरी हे खोडलं कारण ते फोनवर म्हणून झालं. बाणाने खाली ये.

मी बसमध्ये बसणार नव्हते. म्हणजे खोडलंय ते वाचू नकोस. खरं सांगते, माहीत नाही. बसले असते कदाचित. मला फक्त असं व्हायचं होतं की कुणी मला 'किती पडले' असं विचारणार नाही. काकांनी इतके कोट दिले की माझी बोटं सुजलीत. त्यांचं एक वाक्य सांगू? नको, हे पण खोडते. भेटल्यावर सांगेन.

फॉर्म भरला. दहाही रकाने! पहिले सहा जनावरांचे. दहावा तुमच्या गावचा, म्हणजे आपल्या गावचा, बाबांना वाईट वाटेल म्हणून नव्हे, पण असू दे.

चार मुलांच्या पालकांनी त्यांना क्लासमधून काढलं. पण ती मुलं आता संध्याकाळी चोरून येतात, आणि आत्या त्यांना चोरून शिकवते. लांबूचे बाबा आले आणि खूप ओरडले. आत्या ऐकून घेत होती. एकदाही उलट बोलली नाही, तुझी शप्पथ. मला तिची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदम येतं का गं?

भीती गेली नाही. भौतिकशास्त्राचं पुस्तक उघडलं की पोटात तसंच होतं. पण आता आम्ही एकमेकांना विचारतो, तुझ्या पोटात कुठे होतं? बोलक्याच्या म्हणे गुडघ्यात होतं.

टेलरकाका काल आले. ते म्हणाले, परीक्षेच्या दिवशी मी केंद्राच्या फाटकाशी असेन. मोजून आत सोडीन, मोजून बाहेर घेईन.

बाबांना सांग प्लॅस्टरवर मी सही करणार आहे, जागा ठेवा.

तुझी मुंगी
(खाडाखोड मोजू नकोस.)


१२ मे

वहिनी,

मुंगी आत्ता झोपलीय, पेपरच्या कपड्यांवरच. तुला फोन झालाय, तरी लिहिते, कारण हे फोनवर सांगता आलं नाही.

सकाळी एकोणीस आत गेले. ज्यांना क्लासमधून काढलं होतं ते चौघेही आमच्यातच येऊन उभे राहिले. टेलर फाटकाशी होते, इस्त्रीचा शर्ट घालून. प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून मोजत होते. मी रस्त्याच्या पलीकडे झाडाखाली थांबले. जवळ जायचा मला हक्क नव्हता.

दीडला घंटा झाली. पोरांचा लोंढा बाहेर आला. लांबू पहिला. मग एकेक. पंधरा, सोळा, सतरा. बोलका अठरावा, बाहेर पडल्या पडल्या बोलायला लागला. आणि मग कुणीच नाही. लोंढा ओसरला. शिपायाने फाटकाचं एक दार ओढलं. टेलरनी दुसऱ्या दारावर हात ठेवला आणि शिपायाला म्हणाले, "थांब. एक यायचीय."

ती आली. तिची पेन्सिल घरंगळत बाकांखाली गेली होती, ती शोधत बसली होती. मुंगी ती मुंगीच! टेलरनी तिच्या खांद्याला हात लावला आणि माझ्याकडे बघून मोठ्याने म्हणाले, "एकोणीस." तीन वर्षांत मी पहिल्यांदा त्यांच्या तोंडाकडे बघितलं.

आम्ही निघालो. मुलं पुढे, मी मागे. कोपऱ्यावरून वळून पाहिलं. फाटक बंद झालं होतं, रस्ता रिकामा होता. मोजणी पुरी झाली होती, तरी ते तिथेच उभे होते. त्यांचा स्वतःचा, विसावा, अजून यायचा होता.

तुझी नणंद